व्ही. जी. खांबेटे
अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडच्या एल्मस्टेड विद्यापीठात नव्या मुलांचे स्वागत बघायला आलेले आईबाप पहिल्या तासातच कंटाळतात. जुन्या सभागृहाच्या पायऱ्यांवर उभे राहून डीन एकेका मुलाचे नाव घेतात, तेही पूर्ण, घरी जसे लिहितात तसे. ते मूल पायऱ्या चढून वर येईपर्यंत दुसरे नाव घेत नाहीत. संध्याकाळ होते. पुण्या-नागपुराकडचे पालक घड्याळ बघू लागले की कमलिनीताई आगाशे त्यांना झाडाखाली बसवतात. त्यांचा जन्म या गावात गेला. "घाई करू नका, या घाईनेच इथे एक घर बुडाले आहे," असे म्हणून त्या ही हकीकत सांगतात.

फार वर्षांपूर्वी वाईकडचे दोघे भाऊ बोटीने इथे आले, असे सांगतात. थोरला वामन गोविंद खांबेटे, धाकटा विष्णू. विष्णूची गणिताची बुद्धी अशी की मास्तरांनीही हात जोडावेत, पण परक्यांपुढे त्याचे तोंड उघडत नसे. वामन अभ्यासात बेताचा, पण बोलायला गोड आणि चारचौघांत उठून दिसणारा. आईने मरताना वामनकडून वचन घेतले होते, की धाकट्याला नेहमी पुढे करशील. आणि विष्णूला तिनेच लहानपणापासून शिकवले होते, थोरल्याच्या पुढे पाऊल टाकायचे नाही. माउलीने दोघांच्या भल्याचेच सांगितले, पण एकाला सांगितलेले दुसऱ्याला ठाऊक नव्हते.

त्या काळी इथे प्रवेश म्हणजे नुसता पेपर नव्हे. पेपरानंतर मुलाखत. वडील कुठे शिकले, आजोबा याच विद्यापीठाचे का, जेवताना काटा कोणत्या हातात धरतोस, अशी चौकशी. पेपर तपासणारे वेगळे, मुलाखत घेणारे वेगळे. आपल्याकडचा एकच मुलगा घ्यायचा, असा अलिखित रिवाज होता म्हणे. तो भावांच्याही कानावर आला होता. वामनला त्याचे वाईट वाटले नाही. जागा विष्णूची, हे त्याने मनाशी कधीच ठरवले होते. भाऊ शिकला की आईपुढे आपण खरे ठरलो, एवढेच त्याला हवे होते.

निकालाच्या दिवशी कारकून याच पायऱ्यांवर उभा राहून नावे वाचत होता. आडनाव आणि आद्याक्षरे, बस्स. आपल्याकडे एक वा. गो. आणि दुसरा वि. गो.; इंग्रजीत दोघेही व्ही. जी. कारकुनाने पुकारले, "व्ही. जी. खांबेटे."

नाव विष्णूचेच, तो आता जाईल, म्हणून वामन जागचा हलला नाही. विष्णू थोरल्या भावाकडे बघत उभा राहिला. कारकुनाने पुन्हा पुकारले. गर्दीत कोणी पुढे येईना, तेव्हा त्याने पुढचे नाव घेतले. ती जागा एका जुन्या घराण्यातल्या मुलाला गेली, ज्याचा बाप आणि आजा इथलेच होते. दोघे भाऊ मागाहून कचेरीत धावले, विनवण्या केल्या. पुढचे नाव घेतल्यावर मागचे परत वाचत नाहीत, असे सांगून त्यांना बाहेर काढले.

"अण्णा, तुम्ही का नाही गेलात?" विष्णूने विचारले.

"अरे, नाव तुझे होते. तू का नाही गेलास?"

"तुमच्या आधी कसा जाऊ?"

परतीच्या भाड्यासाठी दोघे कागदाच्या गिरणीत लागले. तिथल्या ओलीने विष्णूची छाती धरली आणि त्याच हिवाळ्यात तो गेला. शेवटपर्यंत म्हणत होता, अण्णा, नाव तुमचेच होते, भिडेपायी मी तुम्हाला जा म्हटले नाही आणि तुमची जागा गेली.

वामन मग घरी गेलाच नाही. दर वर्षी निकालाला पायऱ्यांखाली उभा राहायचा, आणि आद्याक्षरे वाचली की ओरडायचा, पूर्ण नाव घ्या. पहारेकरी त्याला हाताला धरून बाहेर नेत. म्हातारपणी एकदा तोच कारकून त्याला बाजारात भेटला. वामनने हात जोडून विचारले, त्या दिवशीचे नाव नक्की कोणाचे होते, थोरल्याचे की धाकट्याचे?

कारकून गोंधळला. "तुम्ही दोघे होतात? आम्ही तर एकच समजत होतो. पेपर असा आणि मुलाखतही अशी, इतका सर्वगुणी मुलगा आमच्याकडे पूर्वी आला नव्हता."

पेपर विष्णूचा आणि मुलाखत आपली, दोन्ही एकाच नावावर पडले, हे वामनला तिथे कळले, असे सांगतात. तो गेल्यावर एका डीनने पूर्ण नावाची ही चाल पाडली.

आजही नाव घेतले की सगळे अंगण गप्प होते आणि मूल वर येईपर्यंत कोणी घाई करत नाही. कमलिनीताई पदर सावरून उठतात. "बरे करतात," त्या म्हणतात, "पण त्या दिवशी वर कोण जाणार होते हो? ज्याला बोलावले, तो मुलगा कोणत्याच आईच्या पोटी जन्मला नव्हता."