एकेक बाक जवळ

गुरुवारी दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी मी विचारलं, "मग काढू का बाबा तिचं नाव शाळेतून?"

दस्तगीर बाबा टेकडीवरच्या दर्ग्याची देखभाल करतात. आमच्या गल्लीतल्या बायका नवऱ्याला सांगत नाहीत ते बाबांना सांगतात. त्यांनी खराटा भिंतीला टेकवला.

"कुणाचं?"

"प्रांजलचं. माझ्या थोरलीचं. आठवीला आहे."

"काय केलं तिनं?"

मी पिशवीतून पुस्तक काढलं. जपानी चित्रांची गोष्ट, इंग्रजीतली. तिच्या गादीखाली सापडली होती. मी सातवी शिकलेली. इंग्रजी अक्षरं जुळतात, अर्थ लागत नाही. पण चित्रं बघायला काय शिकावं लागतं?

"सगळं बघितलंय मी. पहिल्याच पानावर पोरगा-पोरगी हात धरून उभी! मग ती रडते. तो लांब लांब जातो. शेवटी तर एका वर्गात असून ओळखसुद्धा दाखवत नाही. हे शिकायलीय ती, बाबा. दोन दिवस मला घास उतरत नाही."

"म्हणून शाळा बंद."

"घरात डोळ्यासमोर तरी राहील. तुम्ही ताईत द्या, बाकीचं मी बघते."

"तुझी सातवीनंतर कुणी बंद केली?"

"...आईनं."

"का?"

"तिला कुणीतरी काहीतरी सांगितलं होतं."



बाबांनी हात धुतले, सदऱ्याला पुसले. दोरी बांधलेला चष्मा चढवला आणि पुस्तक मागच्या बाजूनं उघडलं.

"उलटं उघडलंत, बाबा."

"माझी सगळी पुस्तकं इकडूनच उघडतात. उर्दूची सवय. बस तू."

मी बसले. पहिलं चित्र वर्गाचं. पोरगा नवीन, कुणाला ओळखत नाही. त्याचा डबा सांडतो. एक पोरगी आपला अर्धा डबा त्याच्यापुढं सरकवते, तोंड दुसरीकडं करून.

पुढं चार पानं तो नुसता तोंड उघडतो आणि मिटतो.

"अरे बोल की, गाढवा!" बाबा चित्राला म्हणाले.

मी जरा पुढं सरकले.

तो चिठ्ठी लिहितो, आणि गृहपाठाच्या वहीबरोबर गुरुजींनाच देऊन बसतो. बाबा खोकला येईपर्यंत हसले. पोरीची आजी त्याला दारातच पकडते आणि शेंगा सोलायला बसवते. मी पण हसले. आमची सासूसुद्धा अशीच आहे.

मग आजी दवाखान्यात. पोरगी बाहेर रडत बसलेली. पोरगा येतो, पार टोकाच्या बाकावर बसतो. काही बोलत नाही.

बाबांनी पान उलटलं. एक बाक अलीकडं.

आणखी एक पान. आणखी एक बाक.

मी हेच बघितलं होतं, पण दुसऱ्या टोकाकडून... मला तो लांब जाताना दिसला होता.

आजी घरी आली. शेवटच्या पानावर दोघं हात धरून उभी, आणि दोघांचेही चेहरे टोमॅटोसारखे.

"एवढं जाडजूड पुस्तक लागलं त्याला एक हात धरायला," बाबा म्हणाले. "यात वाईट कोण होतं, पोरी?"

मी परत पानं चाळली. पोरं, आजी, गुरुजी...

"कुणीच नाही."

डोळे भरले होते आणि हसूही येत होतं. मी पदरानं तोंड पुसलं.

"नाव राहू देते, बाबा."

"पुढचा भाग आहे का गं याचा?"

"अजून दोन आहेत तिच्याकडं. आणू?"

"तिला विचारून आण."

मी पुस्तक पिशवीत ठेवलं, चप्पल घातली. पायरीवर परत थांबले.

"बाबा... घरी जाऊन तिला काय म्हणू?"

बाबांनी खराटा उचलला.

"विचार, हे जपानी पुस्तक कुठनं उघडायचं ते. आणि तुझ्यासारखी दुसरी कुणी भेटली, तर तिलाही सांग."