बांधाची पापणी

खाडीच्या काठी एका गावात एक मिठागरवाला राहत होता. त्याचं नाव हसुराम. त्याचं घर गावापासून लांब, मिठाच्या वाफ्यांना लागूनच होतं. शाळा खाडीच्या पलीकडे. तिकडे जायला होडी लागे, आणि होडी चाले नावाड्याच्या मर्जीवर. शेवटी हसुरामची बायको चांगुणा म्हणाली, "शाळा आपल्याकडे येत नाही, तर आपणच घरात मांडू." तेव्हापासून मोठी सुगंधी आणि धाकटा नथू घरीच शिकू लागले.

या घरच्या शाळेत एक खेळ होता. तो आणखी कुठे खेळतात का, मला ठाऊक नाही. सकाळी चांगुणा उंबऱ्यापाशी कोळशाने एक शब्द लिहायची आणि त्यावर करवंटी पालथी घालायची. तो त्या दिवसाचा झाकलेला शब्द. दिवसभर तो कुणी तोंडातून काढायचा नाही. अडलं तर दुसऱ्या शब्दांत सांगायचं. ज्याच्या तोंडून निसटेल, त्याने रात्रीची भांडी घासायची. नियम हसुरामलाही लागू होता, आणि तो बिचारा बहुतेक रात्री भांडीच घासत असे.

दिवेलागणीला मुलांनी झाकलेल्या शब्दाबद्दल पाटीवर काहीतरी लिहून वाचायचं. 'मीठ' झाकलं होतं, त्या दिवशी नथूने लिहिलं, "वरणात ते नसलं की बाबा आईकडे बघतात. जास्त झालं की कुणीच कुणाकडे बघत नाही." त्यावर सगळे पोट धरून हसले.

सुगंधीची तऱ्हा वेगळी. तिला प्रत्येक गोष्ट हात लावून, कान लावून, जमलं तर चाखूनही बघायची असे. खेकडा चालतो त्या चालण्याला काय म्हणावं? उन्हात वाफ्यावर मिठाची पहिली साय धरते तेव्हा तिचा वास येतो का? असल्या प्रश्नांपायी तिची आमटी रोज गार व्हायची. पण तिने लिहिलेलं ऐकताना हसुरामसुद्धा हातातलं काम थांबवायचा.

एके दिवशी झाकलेला शब्द होता 'पाणी'. सुगंधी सकाळपासून विचारात पडली. पाणी दिसतं कसं, हे कुणीही लिहील. ते बोलतं कसं?

मिठागराच्या बांधात एक लाकडी फळी होती. ती वर उचलली की खाडीचं पाणी वाफ्यांत येई, खाली सोडली की बंद होई. म्हातारा पदाजी या बांधाची राखण करायचा. त्याला मागेपुढे कुणी नव्हतं. उभा जन्म त्याने या बांधावर काढला होता, आणि बांध सांभाळणारा पदाजी हीच त्याची गावातली ओळख होती. रोज संध्याकाळी तो फळी हाताने दाबून बघायचा आणि मगच घरी जायचा.

त्या संध्याकाळी पदाजी फळी दाबून गेला, आणि त्याच्या मागोमाग सुगंधी तिथे आली. तिने फळी जराशी उचलली. पाणी कुजबुजलं. आणखी थोडी उचलली. आता ते गप्पा मारू लागलं. तिने अजून थोडी उचलली आणि कान अगदी जवळ नेला. तिला हवे होते ते शब्द एकदम सुचले. सुचलेले शब्द वाटेत सांडू नयेत म्हणून ती धावतच घरी आली. ओली फळी खाचेत तशीच वर अडकून राहिली.

"अरुंद वाटेत ते कुजबुजतं, रुंद वाटेत गप्पा मारतं," असं तिने वाचून दाखवलं. चांगुणाने तिच्या पाठीवरून हात फिरवला. ही वाट कुठली, हे कुणी विचारलं नाही.

रात्री भरती आली. सकाळी हसुराम बघतो, तर वाफे काठोकाठ भरलेले. कालपर्यंत पांढरं शुभ्र धरलेलं मीठ विरघळून गेलं होतं. इतक्या दिवसांच्या राबण्यावर पाणी फिरलं.

हसुरामने पदाजीला बोलावलं. "पदाजीकाका, काल फळी बघितली होती का?"

"बघितली होती. हातानं दाबली."

"मग ही उघडी कशी?"

पदाजी वाकून फळीची खाच चाचपू लागला. हसुरामचा पारा चढला. "तुमचं आता वय झालं. आजचा दिवस राखण करा. उद्यापासून बांधाकडे मी बघेन."

घरात सकाळपासून फळी, फळी आणि फळीच चालली होती. वादावादी निदान थोडी कमी होईल, या विचाराने चांगुणाने त्या दिवशी तोच शब्द झाकला. मग तिने मुलीला विचारलं, "काल तू बांधाकडून धावत आली होतीस ना? काही दिसलं का?"

सुगंधीची जीभ तयार होती. "मी तर कान लावून ऐकत होते, आई. बघायला वेळ कुठे मिळाला?"

बघा, यात एकही शब्द खोटा नव्हता. आई गेली आणि सुगंधीला हायसं वाटलं. एवढंच नाही, मनातून तिने स्वतःला थोडी शाबासकीही दिली. खोटंही बोलायचं नाही आणि खरंही सांगायचं नाही, हे तिला शब्दांच्या जोरावर जमलं होतं. दिवसभर मात्र तिला जेवण गेलं नाही.

संध्याकाळी पाटी वाचायची वेळ झाली. तेवढ्यात पदाजी बांधावरचं फावडं परत द्यायला आला. ते त्याने भिंतीला टेकवून ठेवलं आणि दाराशीच उभा राहिला. चांगुणा म्हणाली, "बसा, काका. पोरांचं ऐका जरा."

सुगंधीने वाचलं, "बांधाला एक पापणी आहे. दिवसभर उन्हात जागून ती थकली होती. रात्री भरती आली, तिने पापणीला गुदगुल्या केल्या. पापणी हसली आणि उघडली."

मीठ गेलं होतं, तरी हसुरामला हसू आलं. चांगुणा म्हणाली, "फार सुंदर." नथूने टाळ्या वाजवल्या. पदाजी मात्र खाली बघत होता.

"छान लिवलंय पोरीनं," तो हळूच म्हणाला. "पण ती काय आपणहून उघडत नाय. म्हणजे माझ्याच हातनं राहिली असंल. सकाळपासून मी आठवतोय, दाबली होती म्हणून. पक्कं आठवतंय, तरी ते खरं नाय. आता मला माझाच भरवसा राहिला नाय. तू म्हणतोस ते बरोबर हाय, हसुराम."

सुगंधीने त्याच्याकडे पाहिलं. काल हा माणूस सरळ चालत बांधावरून गेला होता. आज तो दाराची चौकट धरून उभा होता. आपल्या गोड शब्दांनी मीठ तर परत आलं नव्हतंच, उलट या म्हाताऱ्याचा स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास उडाला होता. तिला फार लाज वाटली. आता हे कसं सांगावं? दोन-तीन सुरेख वाक्यं तिच्या मनात तयारही झाली. ती तिने सोडून दिली.

"पदाजीआजा, फळी मी उचलली. तुम्ही गेल्यावर. परत खाली सोडायला विसरले."

"फळी म्हणाली! ताई फळी म्हणाली!" नथू ओरडला. मग सगळ्यांचे चेहरे बघून तो आईच्या मागे सरकला.

पदाजीने मान वर करून विचारलं, "म्हणजे मी दाबली होती?"

"हो. घट्ट दाबली होती. मला उचलायला जोर लावावा लागला."

पदाजी मटकन उंबऱ्यावर बसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि तो हसतही होता. हसुराम उठला. भिंतीशी टेकवलेलं फावडं उचलून त्याने दोन्ही हातांनी म्हाताऱ्यापुढे धरलं आणि मान खाली घातली. "काका, मी नीट विचारायला हवं होतं. उद्या या."

सुगंधीने ओलं फडकं घेतलं आणि ती पाटी पुसू लागली.

"ऱ्हाऊ दे गं," पदाजी म्हणाला. "गोष्ट चांगली हाय. पण तू शेवटी जे बोललीस ना, ते ऐकून मला आज झोप लागंल."

तात्पर्य: शब्दांशी हवं तेवढं खेळावं, पण आपली चूक सांगायची वेळ आली की सगळ्यांत साधे शब्द वापरावेत, कारण आपण सजवून झाकलेल्या चुकीचं ओझं दुसऱ्या कुणाला तरी वाहावं लागतं.