मेंढीची चिठ्ठी

“मग लांडगा कोण होता?” केवलबाबांनी विचारलं.

“ते मला काय ठाऊक, बाबा? मी नव्हतो, एवढंच सांगतोय!” चक्रपाणीचा आवाज चढला. “चोर सोडून संन्याशाला सुळी दिली त्यांनी.”

बाबा धुनीतली राख सारखी करत राहिले.

चक्रपाणी म्हणजे मठातला सगळ्यांत हुशार शिष्य. तर्कशास्त्र कोळून प्यायलेला. उद्या खालच्या गावात पंच बसणार होते. देवळातली चांदीची छत्री नाहीशी झाली होती, आणि आळ आला होता गावाबाहेर पाल ठोकून राहणाऱ्या तायप्पावर. पुरावा? काही नाही. गावाला चोर हवा असला की पाल काही लांब नसतं. तायप्पाला चावडीत डांबलं होतं. पंचांनी दोषी ठरवला, की बायकापोरांसकट त्याचं पाल उठणार.

त्याच्या बाजूनं बोलायला चक्रपाणीला जायचं होतं. बाबांची परवानगी तेवढी हवी होती.

“आज अनध्याय, पाठाला सुट्टी,” बाबा सकाळी म्हणाले होते. “सगळे लांडगा-मेंढी खेळतायत. खेळून ये. मग बोलू.”

खेळ साधा. चिठ्ठ्या उचलायच्या. एक लांडगा, बाकी मेंढ्या. आपली चिठ्ठी शेवटपर्यंत कुणाला दाखवायची नाही. सगळ्यांनी डोळे मिटून माना खाली घातल्या, की लांडगा हळूच मान वर करतो आणि खेळ चालवणाऱ्याला बोटानं एक मेंढी दाखवतो. ती मेली. मग बाकीचे डोळे उघडून भांडतात, आणि ज्याच्यावर जास्त हात उठतील त्याला कळपाबाहेर काढतात. बाहेर गेलेल्यानं भिंतीशी बसायचं. तोंड बंद, डोळे उघडे.

पहिल्याच डावात कोठीवरचा कोंडाजी म्हणाला, “शास्त्रीबुवा आज फार गप्प! मेंढी पोटात गेलेली दिसतेय.”

सगळे हसले. चक्रपाणी ताडकन उभा राहिला. आपण लांडगा असूच शकत नाही, याची त्यानं एकावर एक कारणं दिली.

“एवढं शुद्ध बोलणारी मेंढी पाहिलीय का रे कुणी?” कोंडाजीनं विचारलं.

चक्रपाणी जितका बोलला, तितके हात उठले.

“भिंतीशी गेलास,” बाबा म्हणाले. “मग?”

“मग काय! लांडगा मोकाट. पुन्हा माना खाली, पुन्हा एक मेंढी खलास. शेवट बघायला मी थांबलो नाही. तडक इकडे आलो.”

“त्यांच्या माना खाली होत्या, तेव्हा तुझे डोळे उघडे होते.”

“हो.”

“लांडग्यानं मान वर केली असेल.”

“केली असेल.”

“कुणी केली?”

चक्रपाणीची नजर स्वतःच्या मुठीकडे गेली.

“मी… खेळ चालवणाऱ्याला माझी चिठ्ठी दाखवत होतो.”

“पाहिली त्यानं?”

“नियमात बसत नाही म्हणाला.”

“आण इकडे.”

चक्रपाणीनं मूठ उघडली. घामानं मऊ झालेला कागदाचा कपटा. वर लिहिलं होतं, ‘मेंढी’. बाबांनी तो डोळ्यांजवळ नेऊन नीट वाचला. सकाळपासून पहिल्यांदाच चक्रपाणीचा जीव भांड्यात पडला.

बाबांनी कपटा धुनीत टाकला.

“बाबा! तेवढाच तर पुरावा होता माझ्याकडे!”

“तायप्पाकडे कुठली चिठ्ठी आहे?”

चक्रपाणी धुनीकडे वाकला. कपट्याची राख झाली होती.

“काय म्हणतो तो?” बाबांनी विचारलं.

“कोण?”

“तायप्पा.”

“भेटलो नाही अजून. भेटायची गरजच काय? माझा युक्तिवाद तयार आहे. उद्या पंच नुसते ऐकत राहतील, की मठातला चक्रपाणी…”

स्वतःचं नाव कानावर पडताच तो थांबला. धुनीतलं एक लाकूड तडकलं. बाबांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

चक्रपाणी खालच्या आवाजात म्हणाला, “मी नाही गेलो, तर उद्या पाल उठेल, बाबा.”

“मग जा.”

“काय बोलू तिथं?”

“आधी चावडीत जाऊन त्याच्याशेजारी बस. तुझ्यावरही आळ आला, तर येऊ दे. या वेळी चिठ्ठी दाखवत बसू नकोस; मान कोण वर करतंय ते बघ.”