झोपेतून उरलेली गोष्ट

फार जुन्या काळची गोष्ट आहे. तेव्हा डोंगरापलीकडच्या मुलखात पोथ्या पोचत नसत. वाटेत इतके ओढे आणि नद्या होत्या, की कागदाचा लगदा होई. पलीकडे जात ते फक्त कथेकरी, आणि त्यांच्या डोक्यात मावतील तेवढ्या गोष्टी.

सुगी आटोपली की हे कथेकरी खिंडीच्या अलीकडच्या गावात जमत. ज्याला आपली गोष्ट पलीकडे जावी असे वाटे, त्याने ती संध्याकाळी एकदा वाचून दाखवायची. मग कथेकरी झोपत. सकाळी उठल्यावर जे आठवेल ते घेऊन ते डोंगर चढत. जे आठवणार नाही ते इथेच राही. त्या देशात गोष्ट चार लोकांपर्यंत जाण्याची ही एकच रीत होती. राजालासुद्धा दुसरी नव्हती.

त्या गावात एक म्हातारे शास्त्री राहत. न्याय, व्याकरण, काव्यशास्त्र, सगळे शिकलेले. त्यांची थोरली बहीण लग्न होऊन डोंगरापलीकडे गेली होती. पुढे तिकडे नदीने पात्र बदलले, तिचे गाव उठले, आणि ती कुठे गेली हे कोणालाच सांगता येईना. शास्त्रीबुवांचे गुडघे चढण चढू शकत नव्हते. आणि कथेकरी कोणाचा निरोप नेत नसत. “निरोपाला घर ठाऊक असावं लागतं,” ते म्हणत. “गोष्टीचं तसं नाही. ती सगळ्याच घरी जाते.”

म्हणून शास्त्रीबुवांनी बहिणीची गोष्ट लिहायला घेतली. ती पलीकडे गेली, तर कुठल्यातरी ओट्यावर ताईच्या कानी पडेल. तेवढीच त्यांची आस होती.

पहिल्या वर्षी ते वाचायला बसले. आधी देवतांना वंदन झाले. मग आपल्या अल्पबुद्धीबद्दल क्षमायाचना. मग स्नेहाचे लक्षण, त्याचे प्रकार, त्यावर घेता येतील अशा शंका आणि त्यांचे निरसन. बालपण अगदी शेवटी, चार ओळींत आले.

सकाळी ते उजाडायच्या आधीच कथेकऱ्यांच्या अंगणात हजर.

“काय उरलं?” त्यांनी थोरल्या कथेकरणीला विचारले. हिची जीभ तिखट होती, पण तिच्या तोंडची गोष्ट कधी वाटेत हरवली नव्हती.

“एक पोर उरली,” ती म्हणाली. “तिचा भाऊ दिवेलागणीला पाठ घोकायला बसायचा, पण डबक्यातल्या बेडकांना घाबरायचा. मग ही काठावर जाऊन दटावायची, ‘गप्प बसा रे मेल्यांनो, आमचा बाळ शिकतोय!’ बेडूक गप्प व्हायचे. भावाला वाटायचं, सगळी सृष्टी ताईचं ऐकते.”

“आणि स्नेहाचं लक्षण?”

“ते उशीवरच सांडलं, बुवा.”

बाकीचे कथेकरी हसले. ती हसली नाही. “पण पुढं काय झालं? पोरीला काठावर उभी करून तुम्ही निघून गेलात. अर्धी गोष्ट मी कशी नेऊ? पुरी करून आणा.”

शास्त्रीबुवा घरी आले ते मान खाली घालूनच. इतके शिकलो, आणि लोकांच्या ध्यानात काय राहिले, तर बेडूक! उद्या पंडित काय म्हणतील? त्यांनी तो भाग काढून टाकला. लक्ष दुसरीकडे जाऊ नये म्हणून स्नेहाचे आणखी दोन प्रकार घातले.

पुढच्या वर्षी सकाळी कथेकरीण म्हणाली, “काही उरलं नाही. झोप मात्र छान लागली. ती पोर कुठं गेली?”

“काढली. फार क्षुल्लक होतं ते.”

“बुवा, गोष्ट ऐकवायची कोणाला?”

“ताईला.”

“मग तिला स्नेहाचं लक्षण शिकवायचंय होय?”

शास्त्रीबुवांना ते पटले. पण पटणे वेगळे आणि हातून होणे वेगळे. कित्येक वर्षे ते लिहीत राहिले, खोडत राहिले. हा शब्द बरोबर आहे ना? कोणी हसणार तर नाही? एखाद्या वर्षी पोथी घेऊन कथेकऱ्यांच्या फाटकापर्यंत जात, आणि परत फिरत.

मग एका संध्याकाळी ते ताईचा चेहरा आठवायला बसले. आठवेना. नाक, डोळे, कपाळ, काहीच जुळेना. घाबरून त्यांनी डोळे मिटले, तेव्हा फक्त एक आवाज ऐकू आला, “गप्प बसा रे मेल्यांनो!” इतक्या वर्षांच्या झोपेतून त्यांच्यापाशी तरी दुसरे काय उरले होते?

त्या वर्षी त्यांनी वंदनही वाचले नाही. पोर काठावर उभी राहिली तिथून सुरुवात केली. पुढे ती सासरी गेली. त्या संध्याकाळी बेडूक ओरडू लागले. भाऊ एकटाच काठावर गेला आणि पुटपुटला, “गप्प बसा.” बेडूक गप्प झाले. कोणाच्याही पावलांनी ते गप्प होतात, हे त्याला कळले, आणि तो तिथेच बसून रडला.

सकाळी कथेकरणीने सगळी गोष्ट शब्दाला शब्द म्हणून दाखवली, आणि ती डोंगर चढून गेली.

वर्षाने ती परतली ती थेट शास्त्रीबुवांच्या दारात. “तुमची गोष्ट लांबली, बुवा,” ती म्हणाली. “पलीकडे एका गावात मी संपवली, तर एक म्हातारी उठून म्हणाली, थांब, पुढचं मी सांगते.”

“काय सांगितलं?”

“ती पोर म्हातारी झाली. दर वर्षी कथेकरी आले की पुढच्या रांगेत बसायची, माहेरचं काही येईल म्हणून. एक कान गेला, तरी बसायची. अखेर गोष्ट आली, तेव्हा तिनं उरलेला कान पुढं केला आणि म्हणाली, ‘आलास का रे बाळ? दोन्ही कान होते तेव्हा यायचंस.’”

शास्त्रीबुवा हसले. मग त्यांनी कथेकरणीला ओट्यावर बसवले. “पुन्हा एकदा सांगता?” ते म्हणाले.

त्यानंतर ते न थांबता लिहू लागले. पुढच्याच सुगीला त्यांची दुसरी गोष्ट डोंगरापलीकडे गेली. लोकांना ती पहिलीपेक्षाही आवडली. पण पुढच्या रांगेतली ती जागा तोवर रिकामी झाली होती.

बोध: मनात जे आपोआप उरते तेच लिहावे, आणि ज्याच्यासाठी लिहायचे त्याला ऐकू येते आहे तोवर लिहावे.