पुजलेली कळशी

पूर्वी, इतक्या पूर्वी की त्या गावाचं नावही आता कुणाला आठवत नाही, डोंगराच्या पायथ्याशी एक म्हातारी राहत होती. सारं गाव तिला थोरली आई म्हणे. ज्यांची नाळ तिने कापली त्यांना नातवंडं झाली, तरी ती आपली ताठ चालत होती.

त्या गावात अधूनमधून तापाची साथ येई. ताप शिरलेल्या घराच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधत. डहाळा दिसला की सख्खा भाऊसुद्धा मागे फिरे. थोरली आई मात्र पाण्याची कळशी कडेवर घेई, "जगदंबे, येते गं," म्हणे आणि आत जाई.

लोक म्हणत, "तिच्या अंगात देवीचं बळ आहे. तिला कसली भीती?"

तिच्या सुनेला वेगळंच ठाऊक होतं. घरी परतल्यावर सासूचे हात थरथरताना तिने पाहिले होते. एकदा तिने विचारलं, "आत्याबाई, तुम्हांला भीती वाटत नाही?"

"वाटते की गं. पण आतलं माणूस माझ्याहून जास्त भ्यालेलं असतं."

पुढे थोरली आई पिकल्या पानासारखी गळून पडली. गाव ढसाढसा रडलं. लोकांनी पिंपळाखाली ओटा बांधला, त्यावर तिची तांब्याची कळशी ठेवली, हळदकुंकू वाहिलं. रोज तिथे जमून तिच्या गोष्टी सांगू लागले. कळशीला मात्र कुणी हात लावायचा नाही, असं ठरलं. लेकरांनो, चुकलं ते इथेच.

उन्हाळ्यात पुन्हा साथ आली. पहिला डहाळा गावाच्या टोकाला, विधवा तेलिणीच्या दारावर दिसला. थोड्याच दिवसांत आतून तिच्या मुलीची हाक आली, "पाणी द्या कुणीतरी! आई उठत नाही!"

गाव धावलं ते ओट्याकडे. आयांनी पोरं पदराखाली घेतली. पाटील म्हणाला, "थोरलीचं नाव घ्या. ती बघेल."

लोक मोठमोठ्याने भजन म्हणू लागले. हाक ऐकू येऊ नये म्हणून आणखी मोठ्याने. तरी टाळांच्या मधून ती येतच राहिली, बारीक होत होत.

सून उठली. "पाटीलबाबा, कोण बघणार? ती तर गेली." तिने ओट्यावरची कळशी उचलली.

"अगं, पुजलेली आहे ती! बाटेल!"

"मोठी आली सासूची गादी चालवायला!" एक म्हातारी ओरडली. "स्वतः मरशील आणि आम्हांलाही मारशील."

सून कळशी घेऊन विहिरीकडे निघाली. तिचे दात वाजत होते. विहिरीवर भरलेलं पाणी वाटेत निम्मं सांडलं. दारातून वाकताना डहाळ्याची पानं मानेला लागली आणि तिला मागे पळावंसं वाटलं. पण ती आत गेली.

पोर आईचा हात धरून बसली होती. ती घटाघटा पाणी प्यायली. मग म्हणाली, "आता आईला पण द्या ना."

सुनेने तेलिणीच्या तोंडात पाणी घातलं. ते गालावरून ओघळून गेलं. हात केव्हाच गार पडला होता.

पोर वाचली. तेलिणीच्या चितेपुढे मात्र गावाला मान वर करता आली नाही.

काही दिवसांनी डहाळा पाटलाच्या दारावर लागला. घरचे रानात पळाले होते. तापाने फणफणलेला पाटील एकटाच अंधारात पडला होता. घशाला कोरड पडली होती, पण हाक मारायचा धीर होईना. आपण किती मोठ्याने भजन म्हणत होतो, ते त्याला आठवत होतं.

बाहेर पावलं वाजली. दाराशी थांबली. एक पाऊल मागे सरलं, आणि पाटलाने डोळे मिटून घेतले.

मग कडी वाजली.

"पाटीलबाबा, पाणी आणलंय." सुनेला टोमणा मारणारी तीच म्हातारी दारात उभी होती. चेहरा भीतीने पांढराफटक, पण पाऊल उंबऱ्याच्या आत.

म्हणून सांगते, श्रद्धावंत माणूस भीत भीत जिथे गेलं, तिथे आपणही भीत भीत का होईना जाणं, हीच त्याची खरी पूजा.