उपासाला काय चालते?

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते आणि त्या गावात दाजीबा नावाचे एक किराणा दुकानदार होते. मोठे व्रतस्थ. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शिवाय चतुर्थी आणि एकादशी. इतके उपास करूनही सदऱ्याची बटणे काजांपासून लांब पळत.

यंदा डोंगरावरच्या देवीच्या पालखीला खांदा देण्याचा मान दाजीबांच्या घराला मिळाला होता. जन्मभराची इच्छा! पण हल्ली देवळाच्या चार पायऱ्या चढल्या, की छातीवर कुणी पाटा-वरवंटा ठेवल्यासारखे वाटे.

त्याच सुमारास शहरातून एक डॉक्टरीणबाई गावात आल्या. काळजाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या कशाकशाने तुंबतात, याचे त्या संशोधन करत होत्या. त्या माणसे तपासत आणि खाणेपिणे विचारत.

"तळलेलं किती खाता, दाजीबा?"

"छे हो! मी उपासाचा माणूस."

"तंबाखू?"

"उपासाला चालते तेवढीच."

रक्त तपासले, तर साऱ्या गावात सर्वांत जास्त चरबी दाजीबांचीच! छातीचा आलेखही बरा नव्हता. बाई चक्रावल्या. उपाशी माणसाच्या नळ्या तुंबतात कशा?

"औषध आजच सुरू करा. आणि पालखीचं तूर्त नाव काढू नका."

दाजीबांचा चेहरा पडला. "बाई, तुमचं यंत्र बिघडलंय. गुरुवारी घरी या आणि माझा उपास डोळ्यांनी बघा!"

गुरुवारी बाई गेल्या. दाजीबांच्या पत्नीने, सगुणाबाईंनी, पान वाढले. साबुदाण्याचे वडे, बटाट्याचा तळलेला कीस, तुपातली रताळी, दाण्याची आमटी आणि कडेला वाटीभर बासुंदी.

"हे सगळं उपासाला?"

"चालतं की! साबुदाणा चालतो, बटाटा चालतो, तूप तर चालतंच."

"आणि जेवण झाल्यावर?"

"अंमळ झोप. तीही चालते."

"दाजीबा, तुमच्या उपासाला सगळं चालतं. चालत नाही ते फक्त तुम्ही!"

सगुणाबाईंनी तोंडाला पदर लावला. दाजीबा रागाने ताटावरून उठू लागले. पण हात आपसूक वड्याकडे गेला.

"अहो," सगुणाबाई हळूच म्हणाल्या, "देवीनं तुमचा खांदा मागितलाय. वडे नाही मागितले."

हात तिथेच थांबला.

दाजीबांनी व्रत एकही सोडले नाही. उपासाला फळ आणि पेलाभर ताक घेऊ लागले. तंबाखूची डबी सगुणाबाईंनी घासून तिच्यात कुंकू भरले. औषध ते तीर्थासारखे नेमाने घेत. आधी वेशीपर्यंत, मग ओढ्यापर्यंत, मग डोंगराच्या पायथ्यापर्यंत पायी जाऊ लागले. छातीवरचा वरवंटा आधी उतरला, पाटा मागाहून.

पालखीच्या दिवशी बाईंनी पुन्हा तपासले. "सावकाश चढा. खांदा फक्त शेवटच्या वळणावर."

त्या वळणावर दाजीबांनी खांदा दिला, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. वर पोचताच शेजाऱ्याने तुपाने थबथबलेल्या खिचडीचा द्रोण पुढे केला. "घ्या की दाजीबा, उपासाला चालते!"

घाम पुसत दाजीबा हसले. "अहो, हल्ली उपासाला मी चालतो!"

तात्पर्य: देव भावाचा भुकेला असतो, पण काळीज ताटातले तेवढेच ओळखते, म्हणून नुसते पदार्थ बदलू नयेत, जिभेला आवरावे आणि पायांना चालवावे. खरे व्रत ते हेच.