जाळ्याच्या सात गाठी

“पण हा आशीर्वाद डाव्या हातानं का देतोय?”

सबिनानं प्रश्न विचारला खरा, पण उत्तर तिच्या जिभेवर तयारच होतं. आता उस्ताद कधी एकदा ‘का?’ म्हणतात, याची ती वाट बघत होती.

उस्ताद मोहिद्दीन रफूगर पहिल्या बाकावर बसले होते. चपला त्यांनी दाराबाहेर काढल्या होत्या. चर्चमध्ये चपला चालतात, असं फादर हिलरींनी दोनदा सांगूनही.

त्यांनी मान वर केली. समोरच्या भिंतीवर पंधरा फूट रुंद, लोकर-रेशमात विणलेलं चित्र लटकत होतं. वादळात सापडलेली होडी, तोंडचं पाणी पळालेले शिष्य, आणि मधोमध दर्यावर हात उचलून उभा असलेला येशू. हात डावा होता.

“तूच सांग,” उस्ताद म्हणाले.

मग सबिनानं सांगितलं. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वीचे फ्लेमिश, म्हणजे बेल्जियमकडचे, विणकर आडव्या मागावर बसत. चित्राचा कागद धाग्यांखाली अंथरलेला, आणि विणकराच्या डोळ्यांसमोर कापडाची पाठ. त्यामुळे चित्र विणून निघे ते उलटं. कागदावर चित्र काढणारा हुशार असेल, तर तो आधीच डावा हात काढून ठेवी. हा विसरला. बस्स, एवढंच. असली चूक कुंचल्यानं रंगवणाऱ्याच्या हातून व्हायचीच नाही.

“म्हणजे विणणाऱ्याला आपलं काम दिसायचंच नाही?”

“माग उतरवेपर्यंत नाही.”

“हं…” उस्ताद म्हणाले, आणि पुन्हा गप्प झाले.

सबिनाला ती शांतता शाबासकीसारखी वाटली.

वाटणारच. ती याच वाडीतली, तुस्कानोंची मुलगी. लहानपणी याच बाकांवर बसून, प्रार्थनेकडे दुर्लक्ष करून, तिनं या होडीतली माणसं मोजली होती. वाडीत याला सगळे ‘मोठा पडदा’ म्हणत. कुणी एक बेल्जियमचा पाद्री तो पत्र्याच्या नळकांड्यात गुंडाळून घेऊन आला होता म्हणे. पुढं सबिना शहरात गेली, जुन्या कापडांच्या जतनाचं शिक्षण घेतलं, पदविका मिळवली. मग दोन वर्षं पैठणच्या एका बोळात, उस्तादांच्या ओट्यावर बसून रफू शिकली. त्या दोन वर्षांत उस्ताद तिच्याशी मोजून शंभर वाक्यं बोलले असतील. त्यातली निम्मी ‘उसव, परत घाल’ अशी होती.

आणि आता हे काम तिच्या नावावर आलं होतं.

काम साधं दिसत होतं. बिशपांच्या कार्यालयाला एक कागद हवा होता. मोठा पडदा भिंतीवर राहू शकतो की नाही? राहू शकत नसेल, तर तो पेटीत घालून शहरातल्या तिजोरीच्या खोलीत जाणार. तिथं गेलेली वस्तू परत येत नाही, हे फादरांनी आवाज खाली आणून सांगितलं होतं. चार दिवसांवर सण होता. त्या पडद्यासमोर उभं राहून वाडी आपल्या होड्यांसाठी प्रार्थना करते. बिशपांकडे जाणाऱ्या कागदाखाली सही सबिनाची असणार होती.

उस्तादांना तिनंच बोलावलं होतं. पण येताना एसटीतच तिनं त्यांना सांगून टाकलं, की या खेपेला काम माझं, तुम्ही फक्त बसायचं. उस्तादांनी खिडकीबाहेर बघत मान डोलावली होती. आणि आल्यापासून ते खरोखरच नुसते बसले होते.

ती बांबूच्या परांचीवर चढली आणि वरून एकेक गोष्ट मोठ्यानं वाचू लागली. रेशीम कोरडं पडलंय, बोट लावलं की भुगा होतोय. येशूच्या झग्याचा तांबडा उडालाय, निळा टिकलाय. काळपट रेषा जिथं जिथं आहेत, तिथली लोकर कुजलीय. ती लोखंड घालून रंगवायचे, ते लोखंडच आतून खातंय. शिडाच्या खालच्या कडेला हातभर आडवी फट पडलीय…

ती थांबली.

फट मोकळी नव्हती. कुणीतरी ती शिवली होती. जाड, डांबरात बुडवलेल्या सुतळीनं. सात गाठी. गाठीही कसल्या, कोळी जाळं सांधताना मारतात तसल्या. कुठं दोन गाठींत बोटभर अंतर, कुठं चार बोटं. ना मोजमाप, ना रंगाला रंग.

“उस्ताद, हे बघितलंत? कुणीतरी म्हावऱ्याचं जाळं समजून शिवलंय.”

“मासे निसटले का?”

सबिनाला हसू आलं नाही.

फादर हिलरी तेव्हा तिथंच होते. त्यांनी ऐकीव हकिकत सांगितली. त्यांच्या आजोबांच्या काळात वादळात छप्पर उडालं, पडदा रात्रभर भिजला, आणि भिजून जड झाल्यावर स्वतःच्याच ओझ्यानं फाटायला लागला. सकाळी कोळीवाड्यातला कुणी एक जण शिडी लावून वर चढला. एवढंच. नाव कुणाला आठवत नाही.

“नाव नाही तेच बरं,” सबिना म्हणाली.

उस्ताद उठले. सावकाश परांचीपाशी आले, दोन बांबू चढले आणि हात लांब करून, बोटांच्या पाठीनं त्या गाठींना स्पर्श केला. तापलेल्या लेकराच्या कपाळाला करावा तसा. मग खाली उतरले.

“खाली घे. मग बघ,” ते म्हणाले. त्या दिवसातली त्यांची पहिली सूचना.

सबिनाला ते ठाऊक नव्हतं का? पहिल्या महिन्यात शिकवतात. टांगलेल्या कापडाला कात्री लावायची नाही. आधी उतरवायचं, जमिनीवर पालथं घालायचं, मग जुनी शिवण काढायची. पण उतरवायला आठ माणसं लागणार, ती सणाआधी मिळणार नाहीत असं फादर म्हणाले होते. आणि त्या सात काळ्या गाठी तर तिच्या डोळ्यांत खुपत होत्या. सगळ्या वाडीसमोर, तिच्या सहीच्या वर, ते भोंगळ काम तसंच राहणार? सुतळी आखडलीय, आजूबाजूचा धागा ओढतेय, हे पुस्तकातलं कारणही तिच्याकडे होतं.

फादरांनी उस्तादांना चहाला नेलं. दोघं बाहेर पडवीत जाऊन बसले.

तीनच काढू, सबिनानं ठरवलं. तीन काढून, मऊ धाग्यानं नीट टाके घालू. त्यांचा चहा संपायच्या आत.

पहिली गाठ कात्रीखाली कट्‌कन तुटली. काही झालं नाही.

दुसरी तुटली. काही झालं नाही. सबिना स्वतःशीच म्हणाली, बघ.

तिसरी तुटली…

आधी आवाज आला. कुणी कोरडं पान हळूच चुरगाळावं तसा. मग चौथी गाठ आपोआप उसळून निघाली आणि फटीनं तोंड उघडलं. होडी, शिष्य, येशू, दर्या, सगळं खाली निघालं.

कात्री परांचीवरून खाली फरशीवर पडली. त्या खणखणाटानं सबिना अशी दचकली, की तिचा तोलच जायचा. पण हात आपसूक पुढं गेले होते. एका मुठीत फटीचा वरचा ओठ, दुसऱ्या मुठीत खालचा. दोन्ही मुठी तिनं एकमेकींवर दाबून धरल्या. गाल कापडाला टेकला. जुन्या लोकरीचा, मेणबत्तीच्या धुराचा वास नाकात शिरला.

फाटणं थांबलं.

पण आता तिला हलता येत नव्हतं.

“उस्ताद…” तिनं हाक मारली. “कापड फाटलं.”

पडवीतून कपबशीचा आवाज आला. मग तोही थांबला.

उत्तर आलं नाही.

त्यांना कमी ऐकू येतं का? नाही. शेजारच्या बोळात कुणाची सुई पडली तरी त्यांना कळतं, असं पैठणात म्हणतात. दोन वर्षं तिनं ते अनुभवलं होतं. मग?

दाराशी पावलं वाजली. अनवाणी. आत आली, बाकापाशी थांबली. त्यांच्या सामानाच्या पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज झाला. मग काहीच नाही. तिला मान वळवता येत नव्हती. गाल हलवला असता, तर मुठी हलल्या असत्या.

“उस्ताद, त्या गाठी जुन्या होत्या. सुतळी कुजलेली होती. त्या माणसानं शिवलंच असं, की कधी ना कधी हे…”

वाक्य हवेतच राहिलं.

 

फादरांचा घाबरा आवाज आला, की चाचा, मी चढू का, माणसं बोलावू का? उस्ताद त्यांनाही काही बोलले नाहीत. नुसता हात केला असावा, कारण फादर गप्प झाले.

सबिनाच्या दंडात कळ येऊ लागली.  आणि त्या कळेतच तिला एक विचित्र गोष्ट जाणवली. ओझं सगळीकडे सारखं नव्हतं. उजव्या मुठीच्या करंगळीखाली ते शिशासारखं जड होतं. तिथं खालच्या बाजूला होडीचा सगळा काळा भाग होता. डावीकडे सरकावं तसं ते हलकं होत जात होतं, पार हलकं, तिथं नुसतं आभाळ विणलेलं होतं. जिथं जड, तिथं गाठी बोटाबोटावर होत्या. जिथं हलकं, तिथं चार बोटांवर.

तो माणूस मोजत नव्हता…

तो इथं, असाच, दोन्ही मुठींनी ओलं कापड धरून उभा राहिला असेल. कोण जाणे किती वेळ. आणि बोटांनी सांगितलं तिथं गाठ मारली असेल.

बाजूला राहिलेल्या तीन गाठी तिच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर होत्या. ताठ. एकही सरकली नव्हती. सात जणींचं ओझं तिघी पेलत होत्या, आणि वर तिच्या दोन मुठी.

पदविका, पुस्तकं, सही, सण, सगळं तिच्या डोळ्यांसमोरून गेलं आणि कुठं गेलं ते कळलं नाही. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायला हात नव्हता. गळू दे. लोकरीला लागू नये म्हणून तिनं फक्त हनुवटी जराशी मागं घेतली.

मुठी सुटणार, हे तिला कळत होतं. आणखी पाच मिनिटं. फार तर सहा. मग येशू डाव्या हातासकट खाली येणार, आणि बिशपांच्या कार्यालयाला कुठलाही कागद लिहायची गरज उरणार नाही.

तिनं एकदा खोल श्वास घेतला.

या वेळी हाक मोठ्यानं निघाली नाही. शेजारच्या माणसाशी बोलावं तशी निघाली.

“उस्ताद… मी कापलं.”

बांबू हलला.

मग दुसरा हलला. परांचीची दोरी करकरली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचं शरीर एकेक पायरी चढत होतं. मध्ये थांबून दम घेत होतं, पुन्हा चढत होतं. फळी तिच्या पायांखाली थोडी दबली. अत्तराचा आणि मेण लावलेल्या दोऱ्याचा वास आला.

डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला सुई दिसली. ओवलेली. दोरा लांब, दुहेरी, काळा. जाड. शिडाच्या रंगाशी जुळण्याचा त्यानं काही प्रयत्न केला नव्हता.

“तुम्ही धरा,” ती पुटपुटली. “उस्ताद, माझ्यानं आता… तुम्ही धरा, मी…”

उस्तादांनी कापड धरलं नाही.

त्यांनी सुई, तिनं घ्यावी अशी, तिच्या दोन मुठींच्या मध्ये, अगदी तिच्या नाकासमोर आणून धरली. हात जराही कापत नव्हता. त्यांच्या पांढऱ्या दाढीवर खालच्या खिडकीतलं ऊन पडलं होतं. ते तिच्याकडे बघत नव्हते, फटीकडे बघत होते. जिथं जड होतं, तिथं.



“एक हात सोड,” उस्ताद म्हणाले.